कार्सन, पिरी, स्कॉट इमारत

अमेरिकेतील शिकागो शहरात, स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकात उभी असलेली बारा मजली दुकान-इमारत. वास्तुकार लुई सलिवन (१८५६–१९२४) यांनी ती श्लेसिंजर अँड मेयर या पेढीसाठी बांधली. सलिवन यांचे हे शेवटचे मोठे व्यापारी काम. आज ती ‘सलिवन सेंटर’ म्हणून ओळखली जाते. शिकागोतील घरक्रमांकांची मोजणी १९०९ पासून याच चौकातून सुरू होते. इमारतीचा पत्ताही ‘१, साउथ स्टेट स्ट्रीट’ असाच आहे.

१८७१ च्या भीषण आगीत शिकागोचा मध्यभाग जळून गेला. त्यानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या स्टेट रस्त्यावर मोठमोठ्या दुकानांची रांग लागली. श्लेसिंजर आणि मेयर यांना धंदा बंद ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले. मॅडिसन रस्त्यावरचा नऊ मजली भाग १८९९ मध्ये आणि कोपऱ्याचा बारा मजली भाग १९०३-०४ मध्ये बांधला गेला. १९०४ मध्येच पेढी हॅरी गॉर्डन सेल्फरिज यांनी विकत घेतली आणि काही महिन्यांतच कार्सन, पिरी, स्कॉट अँड कंपनीला विकून टाकली. हेच सेल्फरिज पुढे लंडनमधल्या आपल्या दुकानामुळे प्रसिद्ध झाले.

स्टेट रस्त्यावरची पुढची वाढ १९०६ मध्ये डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीने केली. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचे (त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते) बांधकाम बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली झाले होते. त्या प्रदर्शनातील ग्रीको-रोमन थाटाने अमेरिकी वास्तुकलेचे मोठे नुकसान केले, असे सलिवन यांनी आत्मचरित्रात कडवटपणे लिहिले आहे. तरीही बर्नहॅम यांच्या कचेरीने वाढीव भागात सलिवन यांचीच मांडणी पुढे नेली. १९६१ मध्ये होलाबर्ड अँड रूट यांनीही तोच मार्ग धरला. तीन कचेऱ्यांचे काम साठ वर्षांच्या अंतराने शेजारी शेजारी उभे आहे आणि सांधे सहजी दिसत नाहीत. दुसऱ्याच्या कामाची अशी बूज राखली जाणे वास्तुकलेच्या इतिहासात दुर्मिळ आहे. इमारतीच्या मोलात त्याचाही वाटा आहे.

वरचे मजले अगदी साधे आहेत. पोलादी सांगाडा, त्यावर पांढऱ्या टेराकोटाचे आवरण आणि आडव्या रुंद खिडक्या. मधली मोठी काच पक्की बसवलेली, दोन बाजूंना उघडणारी अरुंद तावदाने. या रचनेला ‘शिकागो खिडकी’ हेच नाव पडले. विजेचे दिवे असले तरी कापडाचा रंग पारखायला दिवसाचा उजेड लागतो, आणि तो या खिडक्यांतून आत खोलवर पोहोचतो.

खालच्या दोन मजल्यांचा नूर मात्र पूर्ण वेगळा. इथे बिडाच्या ओतकामात पाने, कळ्या, वेल आणि भौमितिक नक्षी एकमेकांत इतकी गुंतली आहेत की नजर ठरत नाही. विक्रीच्या मालाच्या काचांना या नक्षीने चित्राला चौकट करावी तसे वेढले आहे. कोपऱ्यावरचे गोलाकार प्रवेशद्वार दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्यांना एकदमच दिसते. नक्षीची बरीचशी रेखाटने सलिवन यांचे सहकारी जॉर्ज ग्रँट एल्म्सली यांची. क्रिस्तियन श्नायडर यांनी तिचे नमुने घडवले आणि विन्स्लो ब्रदर्सच्या कारखान्यात ओतकाम झाले. बिडावर आधी तांबडा व त्यावर हिरवा रंग दिला होता, त्यामुळे जुन्या कळकट ब्राँझचा भास होई. दाराच्या वरच्या नक्षीत सलिवन यांच्या नावाची आद्याक्षरेही गुंफलेली आहेत. दुरून पाहणाऱ्यासाठी वरची शिस्त आणि पायी चालणाऱ्यासाठी हाताच्या अंतरावरचे हे ओतकाम, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते इमारतीचे खरे मोल इथे आहे, कारण दुकानाची इमारत रस्त्यावरच्या माणसाशी कशी बोलते याचा इतका पूर्ण नमुना क्वचितच सापडतो.

काळाचे घाव तिलाही बसले. १९४८ मध्ये माथ्यावरचा पुढे आलेला छज्जा काढून टाकला गेला. शहरात सलिवन आणि त्यांचे भागीदार डँकमार अ‍ॅडलर यांची इतर कामे पडत होती. १९६१ मध्ये गॅरिक थिएटर, १९७२ मध्ये स्टॉक एक्स्चेंज. ढिगाऱ्यातून नक्षीचे तुकडे वाचवू पाहणारे छायाचित्रकार रिचर्ड निकेल स्टॉक एक्स्चेंजच्या पाडकामातच दगावले. या पडझडीच्या काळात, १९७० मध्ये, कार्सन इमारतीला शहराचे संरक्षण मिळाले आणि ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव आले. १९७५ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. १९७० च्या दशकाअखेर जॉन व्हिन्सी यांनी प्रवेशद्वाराची डागडुजी केली आणि २००६ मध्ये छज्जा पुन्हा बसवण्यात आला.

दुकान २००७ मध्ये बंद झाले. एकशे तीन वर्षे एकाच नावाने चाललेला व्यवहार थांबला, तेव्हा इमारत नुसती शोभेची उरते की काय अशी भीती होती. वरच्या मजल्यांवर कचेऱ्या आणि कलाशाळेचे वर्ग आले. २०१२ मध्ये तळाशी टार्गेट या साखळीचे दुकान सुरू झाले. त्यांनी आपले लाल वर्तुळाचे चिन्ह बिडाच्या नक्षीवर ठोकले नाही. ते कोपऱ्याच्या दाराआड, काचेमागे टांगले आहे.