निवडणुकीचा खर्च आणि सार्वजनिक निधी : वऱ्हाडच्या अनुभवावरून एक टिपण

निवडणुकीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा मानला जातो. परंतु सार्वजनिक व्यवहारातील पैशावर नियम घालण्याचा अनुभव वऱ्हाडास निवडणुकांपूर्वीच आलेला होता. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाची थोडी छाननी करण्याचा येथे विचार आहे.

अमरावती व अकोला या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. १८९७ साली, प्रांत नावाने निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा असताना, वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती नेमली गेली, दलाल व मापारी यांना परवाने लागू झाले आणि मंजूर पट्टीखेरीज अन्य वसुलीस मनाई झाली. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या बाजारांची वाखाणणी केली. तथापि समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व असून शेतकऱ्यास पुरेसे स्थान नाही, हा दोषही दाखविला. पट्टी उघड असावी, आणि तिच्यावर देखरेख करणारे केवळ लाभार्थीच नसावेत, असे दोन धडे यातून निघतात.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेच्या उमेदवारास साधारणतः २५,००० रुपयांची खर्चमर्यादा घालून दिली. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातून १९५२, १९५७ व १९६२ साली निवडून आले. या अवधीत वऱ्हाड अनुक्रमे मध्य प्रदेश, मुंबई व महाराष्ट्र या तीन राज्यांत होता. मर्यादा मात्र तीच राहिली. मर्यादा होती ती खर्चाला. पैसा कोठून येतो, याविषयी कायदा जवळजवळ मूक होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी पक्षांना देणग्या देण्याची कंपनीस मुभा दिली, पण त्यातील धोक्याकडे संसदेचे लक्षही वेधले. पुढे १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा, १९६९ मध्ये बंदी व १९८५ मध्ये पुन्हा परवानगी, असे हेलकावे घडले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला. त्याच वर्षी कायदा बदलून तो वगळण्यात आला. पक्षांच्या एकूण खर्चास आजही मर्यादा नाही. २०१८ च्या निवडणूक रोख्यांनी तर देणगीदाराचे नावच मतदारापासून झाकले. ती योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

यावर उपाय म्हणून राजकोशातून साहाय्य द्यावे, असे सुचविले जाते. अमेरिकेत १९७६ पासून अध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत प्रत्येक नागरिकाच्या २५० डॉलरपर्यंतच्या देणगीइतकीच रक्कम सरकार देऊ लागले. मात्र त्यासाठी खर्चमर्यादा स्वीकारावी लागे. हा स्वीकार ऐच्छिक होता. २००० साली बुश यांनी व २००८ साली ओबामा यांनी तो नाकारला, कारण खाजगी देणग्यांतून त्यांना अधिक निधी मिळत होता. ज्यांना बंधनाची सर्वाधिक गरज, तेच त्यातून बाहेर पडले.

आपल्याकडे १९९८ साली नेमलेल्या इंद्रजित गुप्त समितीने रोख रकमेऐवजी वस्तुरूप साहाय्य सुचविले. पण ते केवळ मान्यताप्राप्त पक्षांसाठी. अपक्षांस त्यात स्थान नव्हते. अमरावती जिल्ह्यात या वगळण्याचा अर्थ चटकन ध्यानी येतो. अचलपूरच्या मतदारांनी २००४, २००९ व २०१४ साली बच्चू कडू या अपक्ष उमेदवारास विधानसभेत पाठविले, आणि २०१९ साली अमरावतीहून नवनीत राणा अपक्ष म्हणून लोकसभेवर गेल्या. समितीची शिफारस अमलात असती, तर जनतेने निवडलेल्या या उमेदवारांस जनतेच्या निधीतून साहाय्य मिळाले नसते.

बाजार-समितीतील दोष येथे नव्या रूपाने दिसतो. तेथे शेतकऱ्याचा माल व व्यापाऱ्यांची समिती होती. येथे करदात्यांचा पैसा व प्रस्थापित पक्षांचा हक्क. सार्वजनिक निधीची कल्पना त्याज्य नाही. परंतु देणगीचा उगम उघड असणे, पक्षाच्या खर्चासही मर्यादा असणे आणि पात्रतेचे निकष पक्षांबाहेरच्या उमेदवारास खुले असणे, या तीन अटींवाचून ती पुरी पडणार नाही. साधनहीन माणसास उमेदवारी करता येते की नाही, हीच तिची कसोटी होय.