आधी अक्षर, मग वेलांटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत मराठी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. निम्मी खडू-फळ्याबरोबर, उरलेली संगणकाच्या सोबतीनं. संगणकामुळे मुलांचं लेखन बिघडलं, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. माझा अनुभव तसा नाही. मात्र कोणत्या कळा दाबून लिहितो, यावर बरंच अवलंबून असतं.

तुमच्यापैकी ज्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली असेल, त्यांना आठवेल. टाइपरायटर डोळ्यांना दिसतं तसं लिहायचा. ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी, मग क. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि पुढे काना. ‘अर्थ’ लिहिताना रफार सगळ्यात शेवटी, थ च्या डोक्यावर. कळा मोजक्याच, यंत्राची ती सोय होती. पण तोंडातून शब्द कसा निघतो, याच्याशी त्या क्रमाचं काही देणंघेणं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं काम झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि ‘जिस्ट’ या नावानं ते काम तिथं वाढलं. त्याआधी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला होता. १९९१ च्या भारतीय मानकातही तो आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, ग ची दाबली की घ. आणि क्रम उच्चाराचा: आधी क, मग वेलांटी. ‘अर्थ’मध्ये आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग थ.

हे मी वर्गात वापरून पाहिलं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मुलं कायम चुकायची. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी! नियम सांगून मी थकलो होतो. पण इनस्क्रिप्टमध्ये या दोन ‘र’ना दोन वेगळ्या खुणा, दुसऱ्यासाठी शिफ्ट दाबावी लागते. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी मुलं शब्द मोठ्यानं म्हणू लागली. चा वर आघात येतो का, हे ऐकू लागली. माझ्या लाल शाईला जे कधी जमलं नव्हतं, ते इथं झालं.

सगळंच गोड होतं असं नाही. तेव्हा प्रत्येक फाँटचे संकेत निराळे. १९९८ मध्ये शाळेच्या वार्षिकाचा मजकूर फ्लॉपीवर छापखान्यात नेला, तर पडद्यावर नुसता कचरा. तिथल्या माणसानं सगळं पुन्हा टाइप केलं. उसाच्या फडावर वाढलेल्या एका मुलीनं निबंधात ‘कालवण’ लिहिलं होतं. त्यानं सुधारून ‘भाजी’ केलं. अंक हातात आल्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिनं लिहून दिलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. ‘इस्की’ या आपल्या संकेतप्रणालीच्या मांडणीवरच ती बेतलेली. पण विंडोज २००० आल्यावर ती साध्या संगणकावर चालू लागली आणि तो कचरा हळूहळू थांबला.

आता फोनवर बहुतेक जण रोमन अक्षरांत टाइप करतात. ‘पीएएनआय’ दाबलं की यंत्र मराठी शब्द पुढे करतं. न की ण, हे ठरवणं बोटांकडून गेलं. मला हे टाइपरायटरच्या काळापेक्षाही वाईट वाटतं. टाइपरायटर निदान आपल्या मनानं अक्षर निवडत नव्हता. माझी नात परवा फोन घेऊन आली. पडद्यावर ‘पानी’ आणि ‘पाणी’, दोन्ही. ‘आबा, यातलं कुठलं?’

तिला म्हटलं, आधी म्हणून बघ.