नोकरीचा ऑनलाइन शोध: पंडरीच्या बाजारातून

नोकरी शोधणाऱ्याला तीन खर्च येतात. जागा कुठे रिकामी आहे हे कळण्याचा, तिथवर अर्ज पोचवण्याचा, आणि आपण भरवशाचे आहोत हे समोरच्याला पटवण्याचा. इंटरनेटने पहिला खर्च जवळजवळ पुसून टाकला. दुसरा इतका हलका केला की त्यातूनच नवे घोळ झाले. तिसऱ्याला त्याने फारसा हात लावलेला नाही. ऑनलाइन शोधाबद्दलची बहुतेक निराशा या तिन्हींची गल्लत केल्यामुळे येते, असं माझं मत आहे. छत्तीसगडमधल्या रायपूरच्या पंडरीत ही गल्लत सोडवून बघता येते. तिथे घाऊक कापडबाजार, जिल्हा रुग्णालय आणि मॉलमधली दुकानं एकाच भागात आहेत; म्हणजे गद्दीवरची (व्यापाऱ्याच्या पेढीतली), सरकारी आणि कंपनीची अशा तिन्ही तऱ्हांची नोकरी तिथे शेजारीशेजारी नांदते.

आधी सरकारी वाट पाहू, कारण जागांची माहिती एका ठिकाणी आणण्याची कल्पना इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. आपल्याकडे एम्प्लॉयमेंट एक्सचेंज, म्हणजे रोजगार कार्यालयं, 1945 मध्ये सुरू झाली, तीही महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. 1959 चा कायदा 1 मे 1960 पासून अमलात आला आणि सरकारी आस्थापनांना, तसंच पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांना, रिकाम्या जागा एक्सचेंजला कळवणं बंधनकारक झालं. कळवणं, एवढंच; माणूस एक्सचेंजमधूनच घ्या, अशी सक्ती त्यात नव्हती. पंडरीतल्या गद्दीवर पंचवीस माणसं सहसा नसतातच. त्यामुळे कापडबाजार या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला, आणि ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची ठरते.

कायद्यात सक्ती नसली तरी सरकारी भरतीत एक्सचेंजची जी मक्तेदारी बनली होती, ती 1996 मध्ये सैल झाली. आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यातल्या उत्पादन शुल्क खात्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्सचेंजकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रातही जाहिरात द्या, नोटिस बोर्डावर लावा, रेडिओ-दूरदर्शनवरही कळवा, आणि जे जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करा. माहिती सर्वांना सारखी मिळाली पाहिजे, हे तत्त्व संकेतस्थळं येण्याआधीच मान्य झालेलं होतं. संकेतस्थळांनी ते स्वस्तात अमलात आणलं. मग रोजगार कार्यालयातल्या नोंदणीचं काय झालं? तिचा अर्थच बदलला. छत्तीसगड सरकारने एप्रिल 2023 पासून महिना 2,500 रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला, तेव्हा एक अट अशी होती की नोंदणी दोन वर्षं जुनी हवी. म्हणजे नोंदणी काम शोधण्याचं साधन न राहता काम नसल्याचा पुरावा बनली. रोजगार कार्यालयाच्या पोर्टलवर नाव घालून स्वस्थ बसणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. तीच नोंदणी हातात घेऊन जो रोजगार कार्यालयाच्या प्लेसमेंट कॅम्पला जातो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे मालक समोर बसलेला असतो.

खासगी पोर्टलांची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. नोकरी डॉट कॉम 1997 मध्ये सुरू झालं, लिंक्डइन 2003 मध्ये. सरकारी नॅशनल करिअर सर्व्हिस जुलै 2015 मध्ये. खासगी पोर्टलला दोन दारं असतात. एका दाराने उमेदवार जागा शोधतो, दुसऱ्या दाराने कंपनीचा माणूस बायोडेटा शोधतो. पोर्टलची मुख्य कमाई दुसऱ्या दारावर होते, आणि उमेदवार मात्र सगळा वेळ पहिल्या दारात उभा असतो. दुसऱ्या दाराने येणारा माणूस बायोडेटा वाचत नाही. शब्द टाकून चाळतो आणि नुकता कोण येऊन गेला ते आधी बघतो. वर्षभरापूर्वी भरून ठेवलेलं प्रोफाइल त्याच्यासमोर सहसा येतच नाही.

शब्दांचं महत्त्व पंडरीच्याच एका जागेवरून पाहा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आलं, आणि गद्दीवरच्या मुनिमाच्या कामाचं रूप पालटलं. आता लागतो तो टॅलीवर बिल काढणारा, पार्टीचा जीएसटी नंबर तपासणारा, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि ई-वे बिल जुळवून बघणारा माणूस. हे एकच काम पोर्टलवर कुठे ‘टॅली ऑपरेटर’ म्हणून असतं, कुठे ‘बिलिंग एक्झिक्युटिव्ह’, कुठे ‘अकाउंट्स असिस्टंट’. यातला एकच शब्द टाकणाऱ्याला बाकीच्या जागा दिसणार नाहीत. स्वतःच्या प्रोफाइलमध्ये नुसतं ‘बी.कॉम., कष्टाळू’ लिहिलेला मुलगा कोणालाच दिसणार नाही. ठिकाणाचंही तसंच. ‘रायपूर’ म्हटलं की सिलतरा आणि उरल्याचे कारखाने, नवा रायपूरची ऑफिसं, सगळं एका यादीत येतं. कधी कधी डेहराडूनजवळचं रायपूरही डोकावतं. पंडरीत राहणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाला सिलतऱ्याची रात्रपाळी पगाराच्या आकड्यावरून तोलता येत नाही.

आता तिसरा खर्च, भरवसा पटवण्याचा. कापडाच्या गद्दीवर बसणाऱ्याला थोड्याच दिवसांत कळतं की कोणत्या गावच्या दुकानदाराची किती उधारी थकली आहे, माल कुठून काय भावाने येतो, रोकड कधी हलते. म्हणून मालकाचा पहिला प्रश्न टॅलीचा नसतो. तो विचारतो, “किसका लड़का है? पहले किसके यहाँ था?” हा मागासलेपणा म्हणून झटकून टाकू नये. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवलं होतं की मालाचा कस घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर चांगल्या मालालाही भाव मिळत नाही. नोकरीच्या बाजारातही तसंच; एका जागेला शेकडो अर्ज आले की मालकाची अडचण वाढते, आणि तो पुन्हा ओळखीकडेच वळतो. अर्ज जितका स्वस्त, तितकं त्याचं वजन कमी.

ओळख म्हणजे वशिलाच, असं मात्र नाही. मार्क ग्रॅनोवेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे 56 टक्के लोकांना नोकरी ओळखीतून कळलेली होती, पण ती ओळख बहुधा घरोब्याची नव्हती, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाची होती. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, हे त्याचं साधं कारण. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरच्या प्रयोगांतूनही मध्यम सैल ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडताना दिसल्या. रायपुरातल्या मराठी घरांना हे लागू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस इथे आहे. तात्यापारा आणि चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ ही त्याची ठिकाणं. तिथल्या ओळखी घट्ट, पण वर्तुळ तेच. एकाला कळलेली जागा सगळ्यांना कळलेली असते. आपल्या कॉलेजातून दोन-तीन वर्षं आधी बाहेर पडलेला आणि आता एखाद्या वितरकाच्या ऑफिसात असलेला मुलगा शोधून काढायला पोर्टल उत्तम. माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला उपयोग हाच, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

भरवशाची ही पोकळी ठकसेनही ओळखून असतात. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंगचं डिपॉझिट’, ‘लॅपटॉपची अनामत’ ही मागणी आली की चौकशी तिथेच थांबवावी. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता राहते.

सरकारी आणि बँकांच्या परीक्षांत ओळखीचा प्रश्न येत नाही. तिथे चुका अर्जातच होतात. पुष्कळ मुलं फॉर्म चॉइस सेंटरवर भरून घेतात. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी, असली कामं तिथला माणूस चटकन उरकतो. पण बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या क्लार्क भरतीत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते. दहावी-बारावीला ती भाषा नसेल तर चाचणी द्यावी लागते. रायपुरात हिंदीतून शिकलेल्या पण घरी मराठी बोलणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या मुलीला चाचणीची तयारी ठेवून महाराष्ट्रातल्या जागांवरही दावा सांगता येतो. कुठल्या राज्यात किती जागा, मागच्या वर्षी कटऑफ कितीवर थांबला, हे सगळं उघड उपलब्ध असतं. तासभर बसून ते ताडून पाहणं हाच खरा ऑनलाइन शोध. नाहीतर सेंटरवरचा माणूस राज्याच्या रकान्यात न विचारता छत्तीसगड टाकून मोकळा होतो.