खांद्यावरचा शब्द

इतिहास लिहायला कागद लागतो, असे मी वर्गात शिकवतो. ज्यांनी कागद राखले त्यांचा इतिहास झाला, ज्यांचे कागद पावसात भिजले त्यांची दंतकथा झाली. हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी मला आमच्या घरची ट्रंक आठवते.

ती माझ्या थोरल्या चुलत्यांची. घरात आम्ही सारे त्यांना तात्या म्हणायचो. काळी लोखंडी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे आणि रुमालात बांधलेली पदके. २०१४ साली तात्या गेले. दोन वर्षांनी घराची कौले उतरवून स्लॅब घालायचे काम मे महिन्यात निघाले आणि ते पावसाआधी उरकले नाही. सामान पडवीत ठेवले होते, पडवी गळत होती. मी शहरात नव्या नोकरीच्या मागे होतो. गणपतीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ट्रंकेत कागदांचा लगदा होता. पदके तेवढी शिल्लक राहिली. इतिहासाचा शिक्षक असून घरचे दप्तर मला राखता आले नाही, याची खंत मला आहे. पण केवळ खंत म्हणून हे लिहीत नाही. तात्यांच्या आयुष्याने आपल्या चळवळीपुढे एक प्रश्न ठेवला आहे, आणि तो नीट मांडला जात नाही, असे मला वाटते.

तात्या १९६३ साली सैन्यात गेले. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्यभरती वाढली होती. वाडीतली तरणी पोरे तोपर्यंत एकच वाट ओळखत होती : मुंबईची. गिरणी, गोदी, नाहीतर कुणाच्या ओळखीने शिपायाची नोकरी. तात्याही मुंबईलाच गेले होते. तिथून ते भरती झाले आणि मध्य प्रदेशातल्या सागरला, महार रेजिमेंटच्या केंद्रात, शिकाऊ शिपाई म्हणून दाखल झाले. सातवी झालेला, एकोणीस वर्षांचा मुलगा. १९६५ आणि १९७१ ही दोन युद्धे त्यांनी पाहिली. समर सेवा स्टार, रक्षा मेडल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही त्यांच्या रुमालातली पदके. ती त्या त्या युद्धात सेवा केलेल्या हजारो जवानांना मिळाली. तात्यांनी मर्दुमकीच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत, आणि मीही त्या रचून सांगणार नाही.

ते सांगत ती गोष्ट वेगळीच होती. आमच्या घरात १९५६ नंतर बौद्ध धम्म आला. तात्या तेव्हा बारा वर्षांचे. म्हसोबा, वेताळ गेले आणि त्यांच्याबरोबर एक शब्दही गेला. वाडीचे नाव बदलले, महारवाडीची बौद्धवाडी झाली. तो शब्द म्हणजे पाटलाच्या आणि खोताच्या ओट्याखालून आलेली हाक होती. मढे ओढायला, सांगावा न्यायला, शिमग्यात ठरलेली कामे करायला त्याच शब्दाने बोलावणे यायचे. माझ्या आज्याने तो शब्द उंबऱ्याबाहेर टाकला. आणि सात वर्षांनी त्याच घरातला मुलगा सागरला गेला, तर त्याच्या खांद्यावर पितळी अक्षरांत तोच शब्द चढवला गेला.

तात्या म्हणायचे, “पहिल्या दिवशी मला लाज वाटली. मग बाजूला बघितलं, तर पंजाबचा पोरगा, बिहारचा पोरगा, कुठल्या कुठल्या जातीचे, सगळ्यांच्या खांद्यावर तेच. गावात ज्या शब्दानं आमची सावली चालत नव्हती, तोच शब्द लावून हे छाती काढून चालतात. मग मी पण चाललो.”

या चार वाक्यांत मला जे सापडले ते पुस्तकांत सापडले नव्हते. शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, तो उच्चारणाऱ्याच्या हातातल्या सत्तेत असतो. पण हा खांद्यावरचा शब्द तात्यांना कुणी सहज दिला नव्हता. त्यामागे वर्षानुवर्षांचे अर्ज आहेत, आणि त्यातले महत्त्वाचे अर्ज आपल्याच जिल्ह्यातून गेले आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर मृतांची जी नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाची बावीस नावे आहेत. ही पलटणीतली नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती. शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना अक्षरओळख होत होती. ज्या गावात त्याला शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नसते, त्या गावात तो पेन्शन घेऊन, वाचता लिहिता होऊन परत येत होता. दापोलीला आजही लोक काँप दापोली म्हणतात, ते तिथल्या जुन्या लष्करी छावणीमुळे. निवृत्त महार शिपायांची वस्ती तिथे वाढली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि प्रथम दापोलीला येऊन राहिले. त्यांचे वडील मालोजी हेही सैन्यात होते. भीमाबाईंच्या माहेरचे मुरबाडकरही सैन्यातलेच. म्हणजे बाबासाहेबांच्या घरात पुस्तक आले ते पलटणीच्या वाटेने आले.

याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर राहिले. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली, ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेवर शास्त्र्यांना जाब विचारला. निवृत्त शिपायाने बंदूक खाली ठेवली आणि लेखणी उचलली, याचे इतके जुने आणि स्पष्ट उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल.

आणि नेमक्या याच काळात दार बंद झाले. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ, ही मांडणी त्यांच्या काळात सैन्यात धोरण म्हणून रुजली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांचे बाप आणि आजे लढले होते ती माणसे एका परिपत्रकाने बिनलढाऊ ठरली. जातिव्यवस्थेला साहेबाच्या शास्त्राची जोड मिळाली. १८९४ साली वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून लष्कराकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी उचलली. १९१० साली ती थेट भारतमंत्र्यांपर्यंत गेली.

अर्जांनी दार उघडले नाही. महायुद्धाने उघडले. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ साली ती मोडली. मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी महारांची स्वतंत्र रेजिमेंट हवी असा आग्रह धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. पुढे तो स्तंभ काढला गेला आणि तिथे कट्यार आली. १९४६ साली ही मशीनगन रेजिमेंट झाली. स्वातंत्र्यानंतर तिच्यात सर्व प्रांतांची आणि जातींची माणसे आली. नाव मात्र तेच राहिले.

या हकिगतीचा अर्थ सरळ आहे. रक्त हवे तेव्हा आम्ही शूर, भाकरी वाटायची तेव्हा आम्ही अस्पृश्य. दार उघडण्याची आणि मिटण्याची कडी नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिली.

हे सारे मी वाचले ते महाविद्यालयात. घरातला पहिला पदवीधर होण्याची तयारी चालली होती आणि डोक्यात नवा जाळ होता. २००६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तात्यांना पडवीत गाठले आणि विचारले, “तात्या, तुम्ही कुणासाठी लढलात? ज्या देशानं आपल्याला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्याच्यासाठी?” प्रश्न विचारताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

तात्या रागावले नाहीत. सुपारी कातरत होते, ती कातरून झाली. मग म्हणाले, “आमच्या सेक्शनमध्ये पहाटे चहा यायचा. थंडी अशी की हात मगाला चिकटावा. एकच मग सगळ्यांत फिरायचा. पहिला घोट कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं. तेवढा देश मी बघितला. बाकीचा तू बघ.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “आणि तुझी फी कुठनं जाते, ते पण बघ.”

माझी फी त्यांच्या पेन्शनमधून जात होती. मी गप्प झालो. पण आज इतक्या वर्षांनी मला वाटते की माझा प्रश्नही खोटा नव्हता. तात्यांचे उत्तर खरे आणि माझा प्रश्नही खरा. दोन्ही एकत्र धरायची तयारी आपण ठेवत नाही, हीच अडचण आहे. आपल्यातले काही जण दर १ जानेवारीला केवळ शौर्याचा जयजयकार करतात आणि विसरतात की कंपनीच्या सैन्यात शिपाई कुणाच्या हुकमाने लढला. काही जण, मी विद्यार्थीदशेत होतो तसे, शिपायाला राज्यकर्त्यांचा चाकर म्हणून मोडीत काढतात आणि विसरतात की त्या चाकरीच्या पगारावर पाटी विकत आली. बाबासाहेबांनी या दोन्ही चुका केल्या नाहीत. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावला गेले ते पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण समाजाला देण्यासाठी, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला गेले ते पाण्यासाठी. महाडला कोकणातले निवृत्त पेन्शनरही आले होते. कवायत शिकलेला माणूस तळ्याच्या काठावर रांग धरून उभा राहिला, हा त्या कवायतीचा खरा उपयोग.

तात्या १९७९ च्या सुमारास निवृत्त झाले. पस्तिशीतला माणूस, दोन युद्धे पाहिलेला. मुंबईत एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली. सीमेवर पहारा देणारा माणूस दुसऱ्याच्या गाड्यांना सलाम करत राहिला. त्याबद्दल ते कडवट बोलत नसत, पण तो खाकी सदरा त्यांनी कधी गावी आणला नाही. गावी आल्यावर ते वाडीचे लेखनिक झाले. आमच्याकडे प्रत्येक वाडीचे एक गावचे मंडळ असते आणि एक मुंबईचे. दोन्हींमधला पत्रव्यवहार तात्या करत. वाडीत यायला पायवाट होती, बैलगाडीही येत नव्हती. रस्त्यासाठी त्यांनी अर्ज सुरू केले. प्रत्येक अर्जाची नक्कल, पोच, जावक क्रमांक, सारे शिस्तीने ट्रंकेत. अकरा वर्षांनी रस्ता झाला. ज्या दिवशी पहिली रिक्षा वाडीत आली त्या दिवशी तात्यांनी दाढी केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि पदके लावून ते रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले. मी त्यांना पदके लावलेले पाहिले ते तेव्हा एकदाच. त्यांच्या मते हेही एक युद्ध होते, आणि यात ते कुणाच्या हुकमाने लढले नव्हते.

एक गोष्ट राहिली. तात्या सीमेवर होते तेव्हा काकी गावी होत्या. नाचणीची शेती, सासू, दोन मुले आणि महिन्याची मनीऑर्डर. अंगठा लावून पैसे घ्यायच्या. एका रजेत तात्यांनी त्यांना सही शिकवली. चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरे काढून, पंधरा दिवसांत. पुढच्या महिन्याच्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर काकींनी पहिली सही केली. तात्या गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर त्यांनी तीच सही केली, नाव न चुकवता, वेळ घेऊन. मी शेजारी उभा होतो. वलंगकरांच्या पिढीला पलटणीच्या शाळेत मिळालेले अक्षर तिथे मला दिसले.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत किती वाड्यांत अशा काळ्या ट्रंका असतील? १९४१ नंतर भरती झालेल्या पहिल्या पिढीची माणसे आता राहिली नाहीत. १९६५ आणि १९७१ पाहिलेली माणसे ऐंशीच्या घरात आहेत, नाहीतर त्यापुढे. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता गृहपाठ म्हणून एकच काम देतो : आपल्या वाडीतल्या एका निवृत्त जवानापुढे बसा, त्याला बोलते करा, त्याच्या कागदांच्या नकला घ्या. त्याच्या बायकोलाही विचारा, तिने ती वर्षे कशी काढली. कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी हीच विनंती आहे. जयंतीच्या खर्चातून थोडे पैसे एका कपाटासाठी बाजूला काढा, आणि ते कपाट न गळणाऱ्या खोलीत ठेवा.

तात्यांची चार पदके माझ्याकडे आहेत. खांद्यावरची पितळी अक्षरे त्या लगद्यात मी खूप शोधली, ती मिळाली नाहीत. तो शब्द मी माझ्या नावापुढे लावत नाही, लावणारही नाही, आज्याने तो उंबऱ्याबाहेर टाकला ते योग्यच केले. पण तो शब्द लावून एक माणूस ताठ चालला, आणि त्या चालण्यातून मी शाळेपर्यंत पोहोचलो, हे मी माझ्या वर्गात सांगतो. आता कागदावरही लिहिले आहे.