सव्वासात की आठ?

क्लच हा मोटारीतला असा भाग, की तो धड असेपर्यंत कुणाला त्याची आठवणही होत नाही. डाव्या पायाखालचं पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत, सोडलं की पुन्हा गाठ. फिरणाऱ्या जाड फ्लायव्हीलवर अस्तर लावलेली एक तबकडी दाबून धरायची, एवढाच मामला. पण जुन्या स्पोर्ट्स कारसाठी ही तबकडी शोधायला निघालं, की थेट पहिल्या महायुद्धापर्यंत जावं लागतं.

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी माझ्या एका स्नेह्यांची शेड आहे. तिथे एम. जी. टीडी ही १९५१ सालची दोन आसनांची उघडी गाडी आम्ही पुन्हा उभी करत होतो. रंग झाला, गाद्या झाल्या, इंजिनही बोलू लागलं. क्लच मात्र बसेना. परदेशातून आलेल्या खोक्यावर नाव टीडीचंच. पण आतली प्लेट आठ इंची आणि आमचं फ्लायव्हील सव्वासात इंची प्लेटचं!

खोक्यावरचं नाव खोटं नव्हतं. टीडी १९५३पर्यंत बनत होती, पण १९५१मध्ये कारखान्याने मधेच मोठा, आठ इंची क्लच घेतला आणि त्या इंजिनांच्या क्रमांकाआधी ‘टीडी२’ अशी खूण घातली. म्हणजे गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही, इंजिनावरची अष्टकोनी पट्टी वाचावी लागते. सत्तर वर्षांत इंजिनंही इकडची तिकडे झालेली असतात, तेव्हा पट्टी वाचूनही शेवटी मोजमाप घ्यावंच.

खरी गंमत बोल्टांची. गाडी अस्सल इंग्रजी, पण या इंजिनाचे आटे मेट्रिक, आणि बोल्टांची डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ पान्याची! हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिस मोटारींची इंजिनं बनू लागली आणि १९२३मध्ये मॉरिसने कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापांची, ती तशीच राहिली. इंग्रज मेस्त्र्यांच्या हातातले पाने तेवढे चालावेत म्हणून डोकी बदलली. पाव शतकानंतरच्या टीडीतही तोच वारसा. आपल्याकडे बाजारात सहज मिळणारा पाच-सोळांश इंची बोल्ट या आठ मिलिमीटरच्या भोकात पहिले दोन-तीन आटे छान जातो, मग अडतो. जोर लावला की आटे गेलेच. फ्लायव्हीलचे आटे जाणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच विचारा.

याच इंजिनाचा थोरला भाऊ आपल्याकडे होता, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. १९४२ साली ओखा बंदरात सुरू झालेल्या आणि १९४८मध्ये कलकत्त्याजवळ उत्तरपाऱ्याला गेलेल्या हिंदुस्थान मोटर्सची ‘हिंदुस्थान १०’ ही मूळची मॉरिस टेन. तिच्या ११४० सीसी इंजिनावरूनच एम. जी.चं १२५० सीसी इंजिन घडलं. सगळे भाग एकमेकांना लागतात असं मुळीच नाही. पण अशी जुनी हिंदुस्थान भंगारात गेली की आमच्यासारख्यांच्या पोटात कालवतं, ते या नात्यामुळे.

आता करायचं काय? शेडमध्ये दोन तट पडले. मेस्त्री म्हणाले, जुन्या फ्लायव्हीललाच नवी भोकं पाडू. मी ठाम विरोध केला. आठ इंची क्लच घ्यायचा तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट असा जोडीचा संच घ्यावा. कारखान्याने तेच केलं होतं, त्यात गाडीचा अपमान नाही. पण एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. शिवाय प्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या दांड्याशी जुळल्या नाहीत, तर बाकीचं सगळं फुकट.

शेवटी जुनीच सव्वासात इंची प्लेट पुण्यातल्या एका कारागिराकडे नेली. त्यांनी झिजलेलं अस्तर काढून नवं रिव्हेटांनी बसवलं, खाचा शाबूत होत्या. बोल्ट मेट्रिक आट्यांचे आणले, तेही हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहिल्यावरच पाना लावला. पेडल दाबल्यावर पहिला गिअर आवाज न करता पडला.