पडद्यावर शहीद, गावात जिवंत

‘बॉर्डर’ मी टीव्हीवर किती वेळा पाहिला, मोजलं नाही. वाळू राजस्थानची, रणगाडे लष्कराचे. सगळं खरंच वाटायचं. सुनील शेट्टीचा भैरोसिंग मेला की घरात कुणी बोलायचं नाही.

पण बीएसएफचे भैरोसिंग राठोड लोंगेवालाहून जिवंत परतले होते! १९७२मध्ये त्यांना सेना मेडल मिळालं. सिनेमा आला १९९७मध्ये. ते गेले डिसेंबर २०२२मध्ये, जोधपूरला. पडद्यावर मारलेला माणूस पुढे २५ वर्षं जगला, आणि नाव तर त्याचंच वापरलेलं.

वाळूबद्दल इतका काटेकोर असलेल्या दिग्दर्शकाला वाचलेला सैनिक चालला नाही, याचाच मला राग येतो. १९७१च्या त्या रात्री मोजक्या जवानांनी रणगाड्यांपुढे चौकी राखली, आणि त्यातले बहुतेक घरी परतले. मला तर हीच गोष्ट पाहायची होती.