उमरावानं आणलेली मतपेटी

१८७२ पर्यंत ब्रिटनमध्ये मत द्यायचं म्हणजे चारचौघांत मोठ्यानं नाव घ्यायचं. मतदार पुढे येई, आपला उमेदवार सांगे, कारकून वहीत टिपून घेई. या मतवह्या कित्येक ठिकाणी छापून विकल्याही जात. आपल्या कुळानं कोणाला मत दिलं हे कळायला जमीनदाराच्या कारभाऱ्याला हेर ठेवावे लागत नसत. वही विकत घेतली की झालं. १८२९ मध्ये नेवार्कच्या पोटनिवडणुकीनंतर ड्यूक ऑफ न्यूकॅसलनं विरोधात गेलेल्या भाडेकरूंना बाहेर काढलं. टीका झाली तेव्हा, माझ्या मालमत्तेचं मला हवं ते करू नये का, असा उलटा सवाल त्यानं केला.

कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या १८३८ च्या सनदेतल्या सहा मागण्यांत गुप्त मतदान होतं. पामर्स्टनसारखे पुढारी म्हणत, मत ही समाजानं सोपवलेली ठेव आहे, ती उघड्यावरच वापरली पाहिजे. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मताचा हक्क मूठभरांनाच होता आणि बाकीच्यांना त्यांच्यावर नजर ठेवता येई. पण घर आणि शेत ज्याच्या हातात, त्याची नजर वेगळीच असते. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदाराच्या मनाविरुद्ध मत देणाऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या.

त्याच निवडणुकीत उत्तर लँकेशरमध्ये मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन पडला. हा डेव्हनशरच्या ड्यूकचा थोरला मुलगा. चॅट्सवर्थचा महाल, आयर्लंडमधला लिस्मोरचा किल्ला आणि जवळजवळ दोन लाख एकर जमीन यांचा वारस. स्वतःच्याच भाषणात जांभई देणारा म्हणून त्याची ख्याती. उमरावांना मतदारसंघांचा तुटवडा नसे. काही महिन्यांतच त्याला वेल्समधली रॅडनॉरची जागा मिळाली. १८६९ मध्ये निवडणूक पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष झाला. वेल्समधल्या हकालपट्ट्यांच्या साक्षी या समितीपुढेच झाल्या, आणि तिनं गुप्त मतदानाची शिफारस केली. १८७० मध्ये विधेयकही त्यानंच मांडलं. ते तडीला गेलं नाही. पुढच्या वर्षी मंत्री फॉर्स्टरनं आणलेलं विधेयक लॉर्डांनी फेटाळलं. अखेर जुलै १८७२ मध्ये कायदा झाला, तोही १८८० पर्यंतच्या मुदतीचा. जणू पाहुणा चार दिवस राहून जाणार होता!

तंत्र ऑस्ट्रेलियातलं. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्येच सरकारी छापील मतपत्रिका आणली होती. ब्रिटिशांनी तिच्यावर क्रमांक घातला आणि तोच स्थळप्रतीवरही ठेवला, म्हणजे घोटाळा झाला तर मत शोधून काढता येईल. गुपिताला कुलूप लावलं, पण किल्ली सरकारनं स्वतःकडे ठेवली. १५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टला पहिली गुप्त पोटनिवडणूक झाली. पेटीच्या लाखेवर ज्येष्ठमधाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्याचा शिक्का उमटवला होता. ती पेटी तिथल्या संग्रहालयात आहे. निवडून आलेला ह्यू चिल्डर्स तरुणपणी त्याच व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळात बसलेला होता.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या पेटीनं वेगळंच रूप घेतलं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. खूण करायची नाही, कागद फक्त हव्या त्या पेटीत टाकायचा. त्यांतल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

पुन्हा हार्टिंग्टनकडे वळू. तो १८७१ पासून आयर्लंडचा मुख्य सचिव होता. १८७४ मध्ये गुप्त मतदानानं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि आयर्लंडमध्ये स्वराज्यवाद्यांनी साठेक जागा जिंकल्या. श्रेय एकट्या पेटीला देता येणार नाही, पण जमीनदाराची जरब तिनं नक्कीच सैल केली. स्वराज्यवाद्यांची ती फळी पुढे इतकी वाढली की १८८६ मध्ये लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टननं आयरिश स्वराज्याचं विधेयक आणलं. लिस्मोरच्या वारसाला ते पटणं शक्य नव्हतं. त्यानं आपला लिबरल पक्ष फोडला, विधेयक पाडलं, आणि पंतप्रधानपद मात्र आयुष्यात तीनदा नाकारलं.